खिडकी लपेना

सावित्रीच्या लॅपटॉपवरची खिडकी लपायला तयार नाही, हे तिला ज्या क्षणी कळलं त्या क्षणी तिच्या पाठीमागे विमलावन्सं उभ्या होत्या. हातात चहाचा कप, नाकावर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा आणि त्या चष्म्याआड गेल्याच आठवड्यात नवं भिंग बसवलेला उजवा डोळा.

"काय गो लिहितेस एवढं?" वन्संनी विचारलं.

सावित्रीने कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली सुपर नावाची कळ दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने एच दाबला. सुपर आणि एच एकदम दाबले की समोरची खिडकी नाहीशी होते आणि मागे डोंगराचं एक निष्पाप चित्र उरतं, अशी व्यवस्था तिने स्वतः लावून घेतली होती. त्याच सकाळी पंधरा वेळा तपासूनही पाहिली होती. पंधराच्या पंधरा वेळा खिडकी गेली होती. आता जाईना. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. कप टेबलावर ठेवल्याचा आवाज कानाशी आला, तेव्हा एम.एस्सी. झालेल्या आणि बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाईने तडक लॅपटॉपचं झाकण आपल्याच बोटांवर आपटलं.

"काही नाही वन्सं," ती बोटं चोळत म्हणाली. "नोंदी आहेत, प्रयोगाच्या."

हे अक्षरशः खरं होतं, आणि भीती वाटायचं कारणही तेच होतं.

झालं होतं असं, की आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला घरच्या घरी रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगितलं. "आणि त्या वेळी काय चाललं होतं तेही लिहा," असं ते जाता जाता म्हणाले. त्यांच्या मनात जिने, लोणची वगैरे असावं. पण सावित्रीला निरीक्षण नोंदवायला सांगितलं की अर्धवट काही जमत नाही. तिने तक्ता आखला. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा आणि शेवटचा रकाना 'हजर'. हजर म्हणजे मोजणीच्या वेळी घरात कोण होतं ते. खबरदारी म्हणून 'रक्तदाब' हा शब्द तिने कुठेही लिहिला नाही, नुसतं 'वर' आणि 'खाली' लिहिलं.

चार महिन्यांत आकडे बोलू लागले. नवरा हरेश्वर हजर असताना सरासरी एकशे चोवीस. शेजारच्या वाडीतला व्हॅलेरियन गप्पा मारायला आला असताना एकशे एकतीस. बागायतदार मंडळाचे सचिव विद्याधर इतिवृत्त वाचून दाखवायला आले असताना एकशे एकोणचाळीस. आणि विमलावन्सं, नोंदी तेवीस, सरासरी वर एकशे अठ्ठावन्न, खाली शहाण्णव. लॅपटॉपने त्याचा आलेखही काढून दिला. केळींच्या रांगेत एकच माड उभा असावा तसा वन्संचा खांब त्यात दिसत होता.

वन्सं वाईट नव्हत्या, हे इथे स्पष्ट केलं पाहिजे. हरेश्वरची ही थोरली बहीण पापडीला एकटी राहायची, दर मोसमात राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करायची आणि पहिला डबा सावित्रीला आणून द्यायची. फक्त घरात शिरल्यावर माणसांकडे बघण्याआधी त्या सिंकच्या तळाकडे बघत. बाकी काही नाही. पण त्या एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. दुसऱ्या कुणाला १५८ आणि ९६ हे बसचे नंबर वाटले असते. वन्संना ते काय आहे हे खोलीच्या दारातून कळलं असतं, आणि पुढच्या रकान्यात आपलं नाव का आहे तेही.

इतके महिने काळजी नव्हती, कारण वन्संना मोतीबिंदू होता. लॅपटॉप आणि चहाचा ट्रे यांतला फरक त्या हात लावून ओळखत. मग ऑपरेशन झालं, उत्तम झालं. हरेश्वरने पेढे वाटले. सावित्रीने पेढा तोंडात टाकला आणि लॅपटॉपकडे पाहिलं. त्यात डॉक्टरांनी सांगितलं, दिवसातून सहा वेळा डोळ्यांत थेंब, वाकायचं नाही, महिनाभर कुणाच्या तरी घरी राहा. कुणाच्या तरी म्हणजे गिरीजला, भावाकडे, म्हणजेच सावित्रीच्या टेबलापासून सहा फुटांवरच्या पलंगावर.

कागदाची वही का केली नाही, असं कुणी विचारेल. वन्सं ड्रॉवर आवरतात. एवढं उत्तर पुरेसं आहे.

बोटांची सूज उतरल्यावर, वन्सं आंघोळीला गेलेल्या बघून, सावित्रीने लॅपटॉप उघडला. सुपर-एच. खिडकी गेली. परत आणली, परत घालवली. वीस वेळा केलं, वीस वेळा गेली. दुपारी ती सकाळचे आकडे लिहीत बसली असताना "थेंबांची वेळ झाली गो" म्हणत वन्सं आल्या. सुपर-एच. ढिम्म. सावित्रीने टेबलावरचं वर्तमानपत्र पडद्यावर उभं धरलं आणि ते उलटं आहे हे वन्संनी सांगेपर्यंत वाचलं.

यंत्राला माणूस ओळखू येतो, असं तिने कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलं नव्हतं. पण अनुभव तसा येत होता. तिने दुसरा तक्ता आखला. दहा दिवसांचा निष्कर्ष असा की वन्सं हजर असताना नऊ प्रयत्न, नऊ अपयशं. वन्सं गैरहजर असताना एकतीस प्रयत्न, एकतीस यशं. इतके स्वच्छ आकडे कॉलेजातल्या मुलांनी आणले असते, तर नक्कल म्हणून तिने प्रयोगवही परत केली असती. आता मात्र ते आकडे तिचे स्वतःचे होते. त्यात आणखी एक बारीक गोष्ट होती. वन्संच्या नोंदींपुढे मधूनच एक सुटं 'प' हे अक्षर उमटलेलं असे. कधी एक, कधी तीन. ते आपण लिहिलेलं तिला आठवत नव्हतं. बोट चुकून पडलं असेल, असं म्हणून ती ते खोडत होती.

लॅपटॉप जुना, मंद झालेला. तीन आठवड्यांपूर्वी तिने स्वतःच त्यावर लिनक्स ही हलकी संगणकप्रणाली बसवली होती, आणि त्याबरोबर मराठी कीबोर्डही. मंडळाच्या वार्षिक सभेत तिला वाडीतल्या केळींच्या वाणांवर बोलायचं होतं आणि पडद्यावर शुद्ध मराठी हवं, असा विद्याधररावांचा आग्रह होता. तेव्हा दोष आपल्याच हातून कुठेतरी शिरला असणार, हे तिला मान्य होतं. पण कुठे? तिने पापडीच्या मार्कला फोन लावला. मार्क हा व्हॅलेरियनचा चुलतभाऊ, पन्नाशीचा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"मार्क, खिडकी लपत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "बंदही होत नाही. मी एकटी असले की सगळं ठीक चालतं, दुसरं कुणी आलं की अडकते."

वन्संचा डोळा नवा होता, पण कान पहिल्यापासूनच चांगले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाबू सुतार रंधा घेऊन दारात उभा.

"विमलाबाईंचा निरोप आला," तो म्हणाला. "तुमची खिडकी लागत नाही म्हणे. कुठली?"

सावित्रीने वन्संकडे पाहिलं. वन्सं कौतुकाने हसत होत्या. "संकोच कसला त्यात? घर म्हटलं की लाकूड फुगायचंच. मला सांगायचं."

आता ही खिडकी नव्हे, ती खिडकी, असं सांगायला गेलं तर ती खिडकी कुठली आणि ती लपवायची कशासाठी, हे सांगणं आलं. सावित्रीने टेबलाजवळच्या सागवानी खिडकीकडे बोट केलं. तेवीस वर्षांत त्या खिडकीने कसलीही तक्रार केली नव्हती. बाबूने ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "लागते की चांगली."

"ती असताना लागते," वन्सं म्हणाल्या. "मी ऐकलंय. दुसरं कुणी आलं की अडकते."

बाबूने सावित्रीकडे एकदा नीट बघून घेतलं आणि रंधा चालवला. तासाभराने खिडकी इतकी सैल झाली, की कडी कोयंड्यापर्यंत पोचेना आणि वाऱ्याबरोबर ती खडखड वाजू लागली.

संध्याकाळी कुंपणापलीकडून व्हॅलेरियनने हाक मारली. "टीचर! बिजागरीला खोबरेल लावा. आमच्या सुकाणूला पण तेच लावतो मी."

"सुकाणू कसलं? तुमच्याकडे होडी कुठे आहे?"

"नाय, पण असती तर लावलं असतं." व्हॅलेरियन कुंपणावर रेलला. "आणि पाव पण ठेवा एक उंबऱ्यावर."

"पाव कशासाठी?"

"माझी आई ठेवायची. का ते तिने नाय सांगितलं."

सावित्रीला त्याही परिस्थितीत रक्तदाब मोजावासा वाटला. एकशे तेहेतीस भरला.

मार्क शनिवारी आला. त्याने लॅपटॉप उलटा धरून पाठीवर थापटला. खोबऱ्याचा कीस, दोन मोहरीचे दाणे आणि खडूची भुकटी टेबलावर पडली. वन्सं सिंकपाशी उभ्या राहून ते बघत होत्या. सावित्रीची मान खाली गेली. मार्कने ब्रशने सगळ्या कळा साफ केल्या, इंग्रजीत आपलं नाव चारदा टाइप केलं, सुपर-एच दाबलं. खिडकी गेली. वन्सं तिथेच असताना गेली!

"चालतंय की टीचर."

"आत्ता चालतंय," सावित्री कुजबुजली. "पण मी लिहीत असताना वन्सं आल्या की चालत नाही."

मार्कने आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग सिंककडे. "मग टीचर, मी रिपेअर करायचं काय? लॅपटॉप का वन्सं?"

तो गेल्यावर सावित्रीने लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका जागतिक मंचावर तक्रार नोंदवली. इंग्रजीत, मुद्देसूद. उत्तर आलं, आधी नियम वाचा. तिने नियम वाचले, सगळे एकोणतीस. मग विचारणा झाली की आवृत्ती कोणती, पडद्याचं कार्ड कोणतं, या चार आज्ञा चालवून जे येईल ते चिकटवा. तिने चिकटवलं. कुणी सांगितलं, खिडक्या रंगवणारी प्रणाली बदलून बघा. बदलली. दुसऱ्या कुणी सांगितलं, बोट फिरवायची स्पर्शपट्टी मध्ये लुडबुड करत असेल, ती बंद करून बघा. केली. शेवटी एक नियंत्रक आला आणि त्याने दोष नेमका कसा घडवून आणायचा त्याच्या पायऱ्या मागितल्या. सावित्री खोटं लिहू शकत नाही. तिने लिहिलं: एक, तक्ता उघडा. दोन, नोंद लिहायला लागा. तीन, नणंद खोलीत येईपर्यंत थांबा. चार, सुपर-एच दाबा.

उत्तर सहा मिनिटांत आलं. 'आमच्याकडे नणंद उपलब्ध नाही. दोष पडताळता येत नाही. तक्रार बंद.'

मग तिचं लक्ष कड्याकडे गेलं. गुडघे दुखतात म्हणून वन्सं मनगटात चुंबकाचं कडं घालत. चुंबक! इतके दिवस हे सुचलं नाही, याची तिला शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून शरम वाटली. मार्कच्या वेळी वन्सं लांब सिंकपाशी होत्या, हेही त्यात बसत होतं. सोमवारी वन्सं आंघोळीला गेल्यावर मोरीबाहेरच्या फळीवरचं कडं तिने हळूच उचललं. लॅपटॉपपासून वीस सेंटीमीटर. सुपर-एच, खिडकी गेली. दहा सेंटीमीटर, गेली. पाच, दोन, गेलीच. कडं मनगटात घालूनही बघावं म्हणून तिने ते घातलं, आणि त्याच वेळी मोरीचं दार उघडलं.

"माझं कडं गो?"

चोरी करताना कसं वाटतं, हे सावित्रीला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. "घालून बघत होते," ती म्हणाली. "छान आहे."

वन्संनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. मग कडं काढून घेऊन आत गेल्या. दुसऱ्या दिवशी हरेश्वरबरोबर बाजारात जाऊन त्यांनी तसंच नवं कडं आणलं आणि सावित्रीच्या हातात घातलं. "मागायचं गो," त्या म्हणाल्या. "मी काय परकी आहे?"

त्या रात्रीची नोंद एकशे बासष्ट होती. 'हजर' या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचलं नाही, कारण त्या वेळी घरात एकटं तिचं मनच तिला खात होतं.

रविवारी मंडळाची सभा होती. तक्ता लॅपटॉपवरून पार काढून टाकायचा आणि मगच निघायचं, असं तिने ठरवलं होतं. पण निघताना छाती धडधडत होती, म्हणून तिने रक्तदाब मोजला. एकशे सेहेचाळीस. मोजला म्हणजे लिहिणं आलं. लिहीत असताना वन्सं "रिक्षा आली" म्हणत आत आल्या. सुपर-एच, ढिम्म. झाकण खाडकन मिटलं, लॅपटॉप पिशवीत गेला आणि तक्ता तसाच उघडा त्याच्या पोटात राहिला.

रिक्षात बसल्यावर वन्संनी काळा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. "डॉक्टर म्हणाले, आजपासून नको. किती लख्ख दिसतं गो! त्या माडावरचे नारळ मोजून दाखवू?"

"नको," सावित्री म्हणाली.

सभागृहात ऐंशी माणसं होती. विद्याधररावांनी तिच्या हातातून लॅपटॉप घेऊन वायर आधीच जोडली. प्रोजेक्टरचा दिवा तापायला चाळीस सेकंद लागतात, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. चाळीस सेकंद! सावित्रीने लॅपटॉप उघडला. तक्ता समोरच. बंद करावा, तर तो 'बदल जतन करायचे का' म्हणून मधोमध पाटी लावून बसणार. तिने केळींची चित्रं उघडून तक्त्यावर पूर्ण पडदाभर पसरली. दिवा लागला. भिंतीवर आठ फुटी राजेळी आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती बोलू लागली. राजेळी, भुरकेळी, वेलची, बनकेळ. शब्द बरोबर येत होते, पण तिचं लक्ष त्यांत नव्हतं. या केळींच्या खाली तो आहे, एवढंच तिला कळत होतं. गादीखाली जनावर शिरलंय हे माहीत असून पाहुण्यांना त्याच गादीवर बसवावं, तसं. पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये, वन्सं नवा डोळा लावून बसल्या होत्या.

सुकेळ्यांचं चित्र आलं आणि विद्याधरराव उभे राहिले. "टीचर, क्षमा असावी. 'राजेळी'तली वेलांटी ऱ्हस्व पडली आहे."

"नंतर दुरुस्त करते."

"मंडळाच्या भिंतीवर ऱ्हस्व वेलांटी एक मिनिटही राहता कामा नये. तसं गेल्या वर्षीच्या इतिवृत्तात आहे. वाचून दाखवू?"

"नको, नको," ऐंशी माणसं एकदम म्हणाली.

सावित्रीने चित्रांचा पूर्ण पडदा सोडला, कीबोर्ड मराठीवर आणला, वेलांटी दीर्घ केली. विद्याधरराव समाधानाने बसले. आता परत पूर्ण पडद्यावर जायचं. घाईत तिने चुकून खिडकी बदलायची कळ दाबली. भिंतीवर तक्ता आला. त्याच्या शेजारी आलेख. हरेश्वर, व्हॅलेरियन, विद्याधर असे छोटे छोटे खांब, आणि शेवटी छताला टेकलेला, आठ फुटी, विमलावन्सं.

ऐंशी माना वर झाल्या.

सुपर-एच. भिंतीवर वन्संच्या नावापुढे 'प' उमटला. सुपर-एच. 'पप'. बोट फिरवून बंद करावं, तर स्पर्शपट्टी मंचाच्या सल्ल्याने बंद. ती चालू करायचीही कळ होती, सुपर आणि एक अक्षर. त्या कळेनेही काही झालं नाही. तिने झाकणच मिटलं. तिच्यासमोरचा पडदा गेला, पण भिंतीवरचा तक्ता जराही हलला नाही. म्हणजे आता तो फक्त तिला दिसत नव्हता, बाकी सगळ्यांना दिसत होता. तिने झाकण उघडून पुन्हा कळा दाबल्या. 'पपपपप'.

"टीचर," विद्याधरराव उभे राहत म्हणाले, "यात माझं नाव दिसतं आहे. एकशे एकोणचाळीस. हे कशाचं आहे?"

सावित्रीला पहिल्या रांगेकडे बघण्याचा धीर नव्हता, तरी दिसलंच. वन्सं भिंतीकडे बघत होत्या. आधी आलेख, मग तक्ता. एकतीस वर्षं रोग्यांच्या उशाशी लटकणारे कागद वाचलेली ती नजर वरून खाली, एकेक ओळ, सावकाश उतरली. शेवटच्या रकान्यापाशी थांबली. मग त्या गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"गुण आहेत ते," वन्सं म्हणाल्या. "सुकेळ्यांचे."

"सुकेळ्यांचे?"

"मग! वर्षभर चाखून देते ती. दोनशेपैकी."

"आणि हा खालचा आकडा?"

"वर चव, खाली वास."

"आणि हा 'प' कसला, माझ्यापुढे नाही, तुमच्यापुढे आहे तो?"

"पास," वन्सं म्हणाल्या. "पाच वेळा पास."

आणि मग सगळे एकदम बोलू लागले. "एकशे एकोणचाळीस?" विद्याधररावांचा आवाज चिरकला. "आमच्याकडे तीन पिढ्या सुकेळी करतात!"

"ऊन कमी लागतं तुझ्या अंगणात, विद्याधर. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"पण मी तर सुकेळी करतच नाय," मागून व्हॅलेरियन ओरडला. "मला एकशे एकतीस कसे?"

"मग जास्तच मिळाले की तुला! गप बस."

या गदारोळात सावित्री भिंतीवरच्या पाच 'प'कडे बघत उभी होती. प. एच दाबला की प. कीबोर्ड मराठीवर असताना एचच्या जागी असतो प! म्हणजे हा शहाणा लॅपटॉप सुपर-एच ऐकतच नव्हता. तो सुपर-प ऐकत होता, आणि सुपर-प म्हणजे काय करायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तपासायला बसली की ती नुसतीच कळा दाबायची, इंग्रजीत. मार्क इंग्रजीत. मंच इंग्रजीत. आणि वन्सं मागे येऊन उभ्या राहायच्या तेव्हा ती नेहमी नोंद लिहीत असायची, मराठीत. चुंबक नाही, नजर नाही, कुणाचा पायगुण नाही. त्या भयंकर गोंधळात साधारण दीड सेकंद सावित्रीला अतिशय आनंद झाला. मग तिने कीबोर्ड इंग्रजीवर आणला, सुपर-एच दाबलं, आणि तक्ता भिंतीवरून मुकाट्याने गेला.

पुढच्या वर्षीपासून मंडळातर्फे सुकेळ्यांची अधिकृत स्पर्धा घ्यावी आणि परीक्षक म्हणून सावित्रीबाईंनी काम पाहावं, असा ठराव एकमताने संमत झाला. विद्याधरराव तटस्थ राहिले.

परतताना रिक्षात दोघीच होत्या. हरेश्वर सभागृहाच्या खुर्च्या आवरायला मागे थांबला होता. वन्सं बाहेर बघत होत्या. सावित्री पिशवी छातीशी धरून बसली होती, आणि प्रत्येक वळणाला तिला वाटत होतं, आता. आता बोलतील. चर्च मागे गेलं, तळं मागे गेलं. गिरीजच्या वाड्या सुरू झाल्या.

"एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव," वन्सं बाहेर बघतच म्हणाल्या. "सरासरी ना?"

"हो."

"किती नोंदींची?"

"तेवीस. तुम्ही राहायला यायच्या आधीच्या."

"मी आल्यावर घेतेस?"

"हो."

"लगेच?"

"लगेच म्हणजे... तुम्हाला चहा देऊन, सिंक पुसून."

वन्संनी आता मान वळवली. "म्हणजे धावपळ करायची, वाकून भांडी घासायची, आणि उभ्याउभ्या येऊन पट्टा बांधायचा. पाच मिनिटं शांत बसायला नको? पाठ टेकायला नको? कुणाचाही वाढेल गो! त्यात माझं नाव घालतेस होय?" त्यांनी सुस्कारा सोडला. "शास्त्र शिकवतेस ना तू पोरांना?"

सावित्रीला आयुष्यात पुष्कळ जण पुष्कळ काही बोलले होते. पण तिच्या प्रयोगाच्या पद्धतीत कुणी चूक काढली नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चूक खरी होती.

घरी पोचल्यावर वन्सं पाय धुवायला गेल्या. सावित्रीने लॅपटॉप उघडला आणि सुपर-एचच्या खाली आणखी एक ओळ घातली. सुपर-प म्हणजेही लपव. दोन मिनिटांचं काम. स्पर्शपट्टीही चालू केली.

वन्सं आपल्या पेटीतून जुनं पाऱ्याचं यंत्र घेऊन आल्या. त्यांनी सावित्रीला खुर्चीत बसवलं, पाठ टेकवली, पावलं जमिनीला सपाट लावायला लावली. "बोलायचं नाही." भिंतीवरच्या घड्याळाची पाच मिनिटं गेली. रंधा मारलेली खिडकी खडखडत होती. मग त्यांनी पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप टेकवला आणि पारा चढवला. नव्या भिंगाच्या डोळ्याने त्या पाऱ्याकडे बघत होत्या. सावित्री त्यांच्याकडे बघत होती. इतक्या जवळून तिने वन्संना कधी पाहिलंच नव्हतं.

"एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी," वन्सं म्हणाल्या. "लिही."

सावित्रीने मराठीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, आकडे लिहिले. शेवटच्या रकान्यापाशी येऊन थांबली. वन्सं खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. तिच्या बोटांनी सवयीने सुपर धरला आणि एचची कळ दाबली.

खिडकी गेली. मराठीत, वन्संच्या देखत, पहिल्यांदाच आणि अगदी झटकन. मागे निष्पाप डोंगर उरला.

"लपवतेस काय?" वन्सं म्हणाल्या. "आण परत."

तिने आणली.

"रोज सकाळ-संध्याकाळ मी घेणार आता. डोळ्याचे थेंब संपेपर्यंत. ते संपले की पापडीहून येईन." आता यापुढे वन्सं गैरहजर असतानाची एकही नोंद मिळणार नाही आणि तुलनेला काहीही उरणार नाही, हे सावित्रीच्या लक्षात आलं. पण पद्धतीबद्दल आज तरी तोंड उघडायची तिची छाती नव्हती. तिने 'हजर'च्या रकान्यात 'विमलावन्सं' लिहिलं.

वन्संनी वाकून नाव नीट वाचलं. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी वाकल्या.

"पुढे प लिही," त्या म्हणाल्या. "आज पास झालीस."